रिपोर्ट बापाचा, तूप पोरीचं

अंबरनाथच्या दवाखान्यात मीनल नंबरची वाट पाहत होती. मागच्या बाकावर नवरा-बायकोचं जुंपलं होतं.

"रिपोर्ट तुमचा वाईट आला, मग पोरीच्या भातावरचं तूप का बंद केलंत?"

"कोलेस्टेरॉल म्हणजे विष आहे, कुमुद!"

"कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवते की गवत उपटते? प्रत्येक पेशीचं आवरण स्निग्ध कणांचं असतं. त्या कणांच्या मधे कोलेस्टेरॉल घुसून बसतं, म्हणून आवरण तापलं तर सैल पडत नाही, गारठलं तर थिजत नाही. विष म्हणे!"

"मग डॉक्टरांनी मला पथ्य का सांगितलं?"

"तुमच्या रक्तात ते जास्त झालंय म्हणून. तुम्हाला सांगितलं, तिला नाही! पाळता का?"

"पाळतो की!"

"काल तुम्ही तिचा पापा घेतलात, तर पोरगी मला म्हणाली, बाबांच्या तोंडाला अंडाभुर्जीचा किती छान वास येतो."