निल्दाबाईंच्या विटा

मायबाप हो, जरा जवळ सरका. रोसारिओ शहरातल्या वीटवखारीत, रांगेत उभा असताना कानी पडलेली गोष्ट सांगतो.

"पगार झाला वाटतं, निल्दाबाई! किती विटा देऊ?"

"एवढ्या पैशांत येतील तेवढ्या."

"चाळीस."

"गेल्या महिन्यात पन्नास दिल्या होत्यास, ओविदिओ!"

"पेसोचा भाव घसरला, त्याला मी काय करू? पैसे साठवा, एकदम घ्या."

"साठवले तर पुढच्या महिन्यात तीसच देशील. आईची खाट स्वयंपाकघरात आहे, तिला खोली हवी."

"नव्वदीची म्हातारी थांबेल तोवर?"

"थांबायचंच, म्हणून बजावलंय तिला."

"बरं, चाळीस."

"बेचाळीस कर. हे बसभाडंही घे. विटा गाडीने पाठव, मी चालत जाईन."

देवापुढे हात जोडाल तेव्हा निल्दाबाईंची आठवण ठेवा.