फोटोखालच्या चार ओळी

मी मुडबीचा. शाळा मराठी, बाजार कन्नड, तशात वाढलो अन् बीदरच्या एका मराठी पेपरात लागलो. तीस वर्सं खेळाचं पान माझ्याकडं व्हतं. क्रिकेट सगळेच छापतेत, पन जत्रंतल्या कुस्त्या माझ्याशिवाय कुनी छापत न्हवतं, लोक म्हनायचे साहेबानं लिहिलं म्हंजे खरंच असंल. काय सांगू तुम्हाला, तेच डोक्यात गेलं.

आळंदकडचा सिद्राम पैलवान, कवा मैदानात गेलो की भेटायचा, अण्णा अण्णा करायचा. एका जत्रंत शेवटची कुस्ती त्याची, अन् मिनटात चीत झाला. मी काय तिथं न्हवतो, हापिसात बसून फोनवर निकाल घ्यायचो, रीतच व्हती तशी. जत्रंतनं फोन करनारा आमचा मानूस म्हन्ला, साहेब, लोक वरडायलेत, ठरवून पडला म्हनून. मी आनखी कुनाला इचारलं न्हाई. त्याच्या फोटोखाली लिहून टाकलं, सिद्राम ठरवून पडला, मैदानाला फसविलं.

मागून कळलं, त्याला कावीळ झाल्ती. पन आमच्याकडं जत्रंचा नारळ, म्हंजे कुस्तीचं आवतन, हातात घेतला की माघार न्हाई, अंगात ताप असू दे न्हाईतर काय बी असू दे. मला ठावं न्हवतं का हे? ठावं व्हतं. दुरुस्ती म्हंजे चार ओळींचं काम. पन आपन चुकलो म्हनून छापलं तर आपली पत काय ऱ्हाईल, आज छापू, उद्या छापू, असं करत रिटायर झालो. त्याला परत कुठल्याच जत्रंचा नारळ आला न्हाई.

गेल्या महिन्यात गाणगापूरला गेल्तो, येताना वाट वाकडी करून त्याच्या घरी गेलो, माफी मागायची म्हनून. या की अण्णा म्हनून खाटंवर बसविलं. बघतो तर भिंतीवर तेच कात्रन, काच लावून. म्हन्ला, माझी शाळा कन्नड, ह्ये वाचाय येत न्हाई, तुम्हीच लिहिलाव, तुमच्या तोंडानं वाचा की एकदा. एवढं चांगलं छापलाव, तरी मग जत्रंवाले कामून बोलविना झाले अण्णा मला?

माफी गळ्यापतुर आल्ती. अन् मी वाचलं, सिद्राम पैलवान आजारी असून बी नारळाच्या मानासाठी मैदानात उतरला, हरला तरी मान राखला. रिटायर होईपतुर न छापलेली दुरुस्ती ती. म्हातारा डोळे पुसायला.

त्याची सून उदगीरची, मराठी शिकलेली. चहा घेऊन दारात उभी व्हती. वाटलं, आता ही बोलनार, पन तिनं चहाच पुढं केला. वाटंला लावाय आली तवा हळूच म्हन्ली, मामा, लगीन होऊन आल्यापासनं मी बी सासऱ्यान्ला असंच वाचून दाखवायलेय.

माझं पाप ती पोरगी इतकी वर्सं झाकायली. देव तिला सुखात ठेवो. माझं म्हनाल तर, माफी मागायची तेवढी ऱ्हाऊनच गेली बघा.