टायरला लावलेलं कुंकू

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. मृदंगवाले माऊली, तुम्हीही हात मोकळे करा. आज नमन आटोपलंय, आता आधी एक प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असल्यासारखी मान डोलवू नका. तुमची मान मला माहीत आहे, ती झोपेतसुद्धा डोलते.

प्रश्न असा. ज्यानं तुम्हाला जगायला शिकवलं, त्यानंच एक दिवस तुमच्या काळजीपोटी घोडचूक केली. साधी नव्हे, तुमचा जीव जाईल अशी. तर त्याचं ऋण फिटलं का? पाटी कोरी झाली का? बोला. गप्प का? घरी तर आईबापाची चूक काढताना तोंडाला लगाम नसतो!

पुराणात दाखले पुष्कळ आहेत. पण ते सांगितले की तुम्ही म्हणता, ते देव होते बुवा, आपण कुठं. म्हणून आज देव नाही, राक्षस नाही. आज आख्यान आहे एका मोटारीचं. लाल, दोनच माणसांची, पोट जमिनीला टेकतंय की काय अशी बुटकी स्पोर्ट्स कार. हसा, हसून घ्या. रथ चालतो तुम्हाला, रथाचं चाक चिखलात रुतलेलं चालतं, मग टायर का चालत नाही? चाक तेच आहे. फक्त आता त्यात हवा आहे. आणि सगळं आख्यान त्या हवेचं आहे — किती भरायची, आणि ठरवायचं कुणी.

तर ऐका. कोल्हापूरच्या अंगाला हिंदुराव खवरे नावाचा गृहस्थ. उभी हयात ट्रकवर काढलेली. एकदा काय झालं, भर उन्हाळ्यात हिंदुराव ट्रक घेऊन निघाला. मागं साखरेची पोती, शेजारी बायको इंदुमती, तिच्या मांडीवर तान्ही लेक. बायकोला माहेराहून घरी आणत होता. वाटेत पंपावर थांबला. तिथला माणूस म्हणाला, "मालक, हवा बघितलीय मी. बिनघोर जावा." आणि हिंदुराव गेला.

बघितली नव्हती त्यानं. मागचं एक टायर मऊ होतं. वर ओझं, खाली तापलेला रस्ता, आणि ते मऊ टायर दर फेऱ्याला दुमडतंय, उलगडतंय, तापतंय. फुटलं! ट्रक आडवा, थेट उसाच्या सरीत. साखर पाटाच्या पाण्यात. इंदुमतीच्या बांगड्या फुटल्या तेवढ्याच. आणि लेक? लेक झोपेतून उठलीसुद्धा नाही, मंडळी. परमेश्वर जागा होता, म्हणून तिला झोपायला परवानगी होती.

त्या दिवशी हिंदुरावाच्या अंगात दोन गोष्टी शिरल्या. पहिली भीती: मऊ टायर म्हणजे मरण. दुसरी शिस्त: कुणी कितीही सांगो हवा बघितलीय म्हणून, आपण प्रत्येक चाकाला हात लावल्याशिवाय गाडीत बसायचं नाही. जुळ्या बहिणीच म्हणा. एकाच घटकेला जन्मल्या, एकाच घरात वाढल्या. मग कोण कुठली ते ओळखू येईना.

लेकीचं नाव प्रणोती. शाळेला निघाली की बाप दारात.

"चाकाला हात लावलास?"

"आबा, सायकल हाय ही."

"सायकलीला चाकं न्हाईत व्हय? लाव हात."

रोज. पाऊस असो, परीक्षा असो. मैत्रिणी हसायच्या, म्हणायच्या, हिचा बाप सायकलीच्या पाया पडायला लावतो. पण पोरीच्या हाताला सवय लागली. डोकं विसरतं, मंडळी. हात विसरत नाही.

पोरगी मोठी झाली, साचे करणाऱ्या कारखान्यात लागली. अपघातात चेपलेली ही लाल गाडी तिनं विकत घेतली, आणि इरफान मुल्लाणी म्हणून तिच्याच कारखान्यातला दोस्त, दोघांनी रविवार-रविवार खपून ती उभी केली. कशासाठी? घाटातल्या शर्यतीसाठी. ही शर्यत कशी असते? रस्ता बंद करतात, एका वेळी एकच गाडी, खालून वर, घड्याळ लावून.

गावात तोंडं सुटली. पोरीच्या जातीनं गाडी पळवायची? माझ्याच धंद्यातल्या एका बुवांनी व्यासपीठावरून सांगितलं, लेकीबाळींनी पायरी सोडू नये. बुवा, तुमच्या मंडपापर्यंत तुमचा तंबोरा कुणी आणला? तुमच्या सुनेनं, गाडीतून. तेव्हा पायरी कुठं होती? मी नाव घेत नाही. घ्यायला भीत नाही, पण आख्यान नासेल.

हिंदुराव मात्र लोकांना म्हणायचा, "माझी लेक माझ्यापेक्षा चांगली चालवती." आणि आतून पार कालवलेला असायचा. कारण शर्यत कळकीच्या घाटात, आणि तिथं एक वळण आहे, कोयत्याचं वळण म्हणतात त्याला. डावीकडं कातळ, उजवीकडं दरी, आणि वर झरा. बारा महिने रस्त्यावर पाणी.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सराव होता. आता मन देऊन ऐका. एवढी मोठी गाडी, पण जमिनीला धरून किती असते? एका चाकाखाली तळहाताएवढी जागा. बास. इंजिन गर्जतं, रंग चमकतो, लोक टाळ्या वाजवतात, आणि सगळा जीव त्या चार तळहातांवर! हवा जास्त झाली तर टायर नुसतं मध्यावर टेकतं, कडा अधांतरी राहतात, तळहाताची दोन बोटं उरतात. कमी झाली तर टायर वळणावर कुशीवर कलंडतं. मग नेमकी किती भरायची? दाराच्या आत कंपनीनं आकडा चिकटवलेला असतो. तो तुमच्या-माझ्यासाठी, रोजच्या रस्त्यासाठी. मंडळाचे अध्यक्ष, तुमच्या नव्या गाडीलाही तो आकडा आहे. तुम्ही लिंबू-मिरची बघितली असेल, आकडा बघितला नसेल.

पण शर्यतीत ज्याची त्याची परीक्षा. प्रणोतीनं काय केलं? टायरच्या कडेवर खडूच्या आडव्या रेघा ओढल्या. घाट चढली, उतरली, बघितलं खडू कुठवर पुसला. टायरच्या खांद्यावर बारीक त्रिकोण असतो, तिथवर पुसला तर हवा बरोबर. त्याच्या खाली उतरला तर टायर कलंडतंय. वर राहिला तर कडा टेकतच नाहीत. पुन्हा हवा, पुन्हा खडू, पुन्हा घाट. इरफान वैतागला. "बाई, गणपतीच्या डोळ्याला रंग देताना मूर्तिकार एवढा वेळ घेत न्हाई."

"त्याची मूर्ती वळण घेत न्हाई," ती म्हणाली.

शेवटी अठ्ठावीस पौंडांवर खडू बरोबर त्रिकोणावर थांबला. अठ्ठावीस ठरले.

आणि इकडं हिंदुराव खुर्ची टाकून बघत बसलेला. त्याला काय दिसलं? खडू पार खांद्यापर्यंत पुसलेला! ट्रकवाल्याच्या डोळ्यानं वाचलं त्यानं. टायर खांद्यावर टेकतंय, म्हणजे मऊ आहे. मऊ आहे म्हणजे फुटणार. वळणाच्या उजवीकडं दरी. बोलला नाही. लेक हसेल, म्हणेल, आबा, तुमचा काळ गेला. हे वाक्य ऐकायला लागू नये म्हणून घराघरांतली म्हातारी माणसं गप्प बसलेली आहेत, मंडळी. आणि गप्प बसलेला माणूस मग गुपचूप काहीतरी करतो.

शर्यतीच्या सकाळी सगळे चहाला गेलेले. हिंदुरावानं आपल्या जीपमधला पायपंप काढला आणि चारी टायरं भरली. चाळीस! बोटानं वाजवून बघितली, दगडासारखी. समाधान झालं त्याचं. मग खिशातून कुंकवाची पुडी काढली, इंदुमतीनं देवाजवळून आणलेली, आणि एकेका टायरच्या कुशीला टिळा लावला. डोळे मिटून म्हणाला, "सांभाळ रे."

बघा गंमत. हात जोडून देवाला सांगतोय सांभाळ, आणि त्याच हातांनी लेकीला दरीकडं ढकलतोय. आणि मनात पाप? तिळाएवढं नाही. हसू नका. तुम्ही पोराला बळंच कुठल्या कॉलेजात घातलंत आठवा, मग हसा.

प्रणोतीची वेळ आली. हेल्मेट हातात. इरफान म्हणाला, "बस, बस. हवा कालच बघून ठेवलीय मी. बरोबर अठ्ठावीस."

हवा बघितलीय मी! हे वाक्य कुठं ऐकलं होतं, मंडळी? उसाच्या सरीत कुणी पाडलं होतं?

डोकं म्हणालं, बस. हात म्हणाला, थांब. ती वाकली, टायरला हात लावला, आणि तिथंच थबकली. हवेचा मापक लावला. चाळीस.

इरफानचा पारा चढला. "कुणीतरी हात घातलाय! त्या शेजारच्या तंबूवाल्यांचं काम. चल, तक्रार करू. आपल्याला काय बेंदराला नटवलेला मुका बैल समजलेत का?"

प्रणोतीची नजर टायरवर, बोटाच्या टोकाएवढ्या लाल टिळ्यावर. दवानं ओल्या टायरवर तो जरा पसरला होता. वैरी तुमचं चाक बिघडवायला येईल, पण टिळा लावून जाणार नाही.

"कुणी न्हाई रे," ती म्हणाली. "ऊन लागलं असंल, हवा वाढली."

"ऊन? अंगावर स्वेटर हाय माझ्या!"

"मग तुझं तोंड तापलंय. बाजूला हो."

ती पिन दाबून हवा सोडायला लागली. स्सस्स. दोरीपलीकडं हिंदुराव उभा, तो आवाज त्याच्या काळजातनं निघाल्यासारखा. एक टायर झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला त्याच्यानं राहवेना. दोरी ओलांडून आला.

"पोरी, सोडू नकोस. मऊ टायर फुटतं. मी बघितलंय."

"आबा, तुमच्या ट्रकवर साखर होती," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "ओझं आणि ऊन मऊ टायरला फोडतं. माझ्या गाडीत मी एकटीच हाय, दोन मिनटांचा घाट हाय. कडक टायर त्या झऱ्यावरनं घसरंल. मला धरून ठेवणारं पायजे, आबा. कडक नको."

हिंदुरावानं आपल्याच हातचा टिळा बघितला. "म्हणजे मीच तुला…" खाली बसला. "तू तशीच बसली असतीस तर?"

"तशी कशी बसंन? हात लावल्याशिवाय बसायचं न्हाई, हे कुणी शिकवलं?"

मंडळी, इथं मृदंगवाल्यांनी नुसती एक थाप द्यावी. द्या. … बास.

ती एवढ्यावर थांबली नाही. मापक बापाच्या हातात दिला. "शेवटचं टायर तुम्ही करा." विचार करा. ज्याची सगळी भीती हवा जाण्याची, त्यानंच हवा सोडायची! त्यानं अंगठा पिनेवर ठेवला, काढला. पोरीनं हात धरला नाही, मदत केली नाही, उभी राहिली. त्यानं दाबलं. काटा उतरत गेला. उसाची सरी, साखर, बांगड्या, सगळं डोळ्यांसमोरून गेलं असेल, आणि काटा अठ्ठावीसवर आला. थांबला तो. लेकीनं पुन्हा मोजलं नाही. एवढ्या एका टायरला तिनं हात लावला नाही.

गाडी सुटली. आता हिंदुरावाला दिसत काही नाही, नुसता आवाज. वर चढतोय, वर चढतोय, आणि कोयत्याच्या वळणावर टायर किंचाळलं. झऱ्याच्या पाण्यावर मागचं अंग सुटलं होतं, दरीकडं हातभर सरकलं, आणि धरलं! तळहाताएवढ्या जागेनं धरलं. इंजिनाचा आवाज पुन्हा उचलला, वर गेला, माथ्यावर गेला.

नंबर कितवा आला? विचारणारच तुम्ही. नाही सांगत. लेक परत आली, हा नंबर तुम्हाला पुरत नसेल तर घरी जा.

खाली आल्यावर हिंदुराव आधी लेकीजवळ गेला नाही. टायरजवळ बसला, पालथा हात लावला. "गरम हाय."

"व्हय आबा."

"फुटलं न्हाई."

"तुम्ही सोडलीसा न्हवं हवा."

तेवढ्यात इरफान आला, चारी टायरं न्याहाळून म्हणाला, "काका, खडू पुसला, कुंकू मात्र अजून हाय बघा." म्हणजे त्यालाही सगळं कळलं होतं, मंडळी. दोस्तानं न बोलून दोस्ती राखली. त्याचेही उपकार माना.

आता प्रश्नाकडं या. ऋण फिटलं का? बापाची चूक लेकीनं पकडली कशानं? बापाच्याच शिकवणीनं. त्याची भीती तिला मारायला निघाली होती, त्याच्याच शिस्तीनं तिला वाचवलं. मग ती रुसणार कुणावर? आणि तुम्ही! बापाला मोबाइल वापरता येत नाही म्हणून खेकसता. तुम्हाला अक्षर कुणी गिरवायला लावलं? आईचं चुकलं हे तुम्हाला कळतं, ते कळण्याएवढं शहाणं तुम्हाला केलं कुणी? ज्या दिव्यानं त्यांची चूक दिसते, तो दिवा त्यांनीच तुमच्या हातात दिलाय. चूक दुरुस्त करा, जरूर करा. हवा सोडा, नाहीतर मराल. पण टिळा पुसू नका.

आरती होईल, प्रसाद मिळेल. मग बाहेर जाल. गाड्या रांगेनं उभ्या आहेत तुमच्या. दार उघडण्याआधी वाका, प्रत्येक चाकाला हात लावा. अध्यक्ष, तुम्हीसुद्धा, कमरेला त्रास होऊ दे जरा. आणि वाकलेले असाल तेवढ्यात, ज्यानं तुम्हाला हात लावून बघायला शिकवलं, त्याचं नाव घ्या. तो माणूस अजून असेल, तर गाडी आधी त्याच्या दारात न्या.