चपला सांभाळणाऱ्याचं दर्शन

ऐका मंडळी! एक साधा प्रश्न. आपण देवळात जातो, चपला बाहेर काढतो. आणि घरातलं एक माणूस म्हणतं, "जा तुम्ही, मी बसतो चपलांपाशी." सगळ्यांना देव भेटला, मग त्या माणसाला कधी भेटायचा? उत्तर हवंय? मग आख्यानच ऐका.

वाईच्या कुमुदताई ओगले. नवरा श्रीनिवास आणि सासरे अप्पा यांच्यासह निघाल्या परदेशी – इस्तंबूलला! अप्पा शाळेत भूगोलाचे मास्तर. चौतीस वर्षं नकाशावर छडी ठेवून सांगत आले – "मुलांनो, हा बॉस्फोरस. अलीकडे युरोप, पलीकडे आशिया, मधे एवढंसं पाणी!" त्यांची एकच इच्छा, ते पाणी ओलांडायचं. हातात दिवस एकच. पाच वाजता विमानतळाकडे निघायचं.

तुम्ही म्हणाल, बुवा, वाई काय युरोपात आहे? आशिया तर घरीच होता! अहो, देवाचा फोटो घरी असतो, तरी दर्शनाला जाताच ना?

सकाळी घुमट पाहिले, फोटो काढले, आणि ताई शिरल्या बाजारात. संक्रांतीचं हळदीकुंकू जवळ आलेलं. वाण लुटायचं ते इस्तंबूलचं! चिनीमातीच्या एकावन्न वाट्या – आणि सगळ्या एकसारख्या! का? अहो, एकीला निळं फूल आणि दुसरीला लाल गेलं तर वर्षभर अबोला! हसू नका मावशी, तुम्हाला ठाऊक आहे सगळं!

दुकानदारानं कपाळाला हात लावला. श्रीनिवास दुभाषे. "अगं, तो म्हणतोय, हातानं रंगवतो. दोन सारख्या कुठून आणू?"

"त्याला म्हणावं, नीट शोध!"

एक दुकान झालं, दुसरं झालं, सातवं झालं! आणि अप्पा? बाहेर बाकावर. मांडीवर पिशव्या, पायाशी पिशव्या.

"अप्पा, कंटाळलात का हो?"

"छे गं! तुझं होऊ दे निवांत. मला काय, नकाशात पाहिलंय मी."

ताईंना बरं वाटलं. आपल्याला वाटतंच बरं! त्या पुन्हा आत गेल्या. तेविसावी वाटी उजेडात धरायला दाराशी आल्या, तर काय पाहतात! अप्पांनी चहात बोट बुडवून तबकावर नकाशा काढलेला. हा युरोप, हा आशिया. समोर म्हातारा चहावाला. त्याला मराठी कळेना, यांना तुर्की येईना, तरी तास रंगलेला! बोट मधल्या पाण्याशी आलं आणि थांबलं. अप्पांनी घड्याळ पाहिलं. साडेतीन. खिशातून रुमाल काढला आणि नकाशा पुसून टाकला. तास संपला की मास्तर फळा पुसतात ना, तसा!

मंडळी, त्या वेळी ताईंच्या मनात आलं, चौतीस वर्षांची इच्छा माझ्या वाट्यांपायी पुसली गेली!

"अहो, पिशव्या उचला! बोटीवर चला!"

"अगं, तेवीसच झाल्यात!"

"राहू द्या! अप्पा, उठा!"

धावले तिघं! बोट सुटता सुटता चढले. मधोमध आल्यावर अप्पांनी टोपी काढली. म्हणाले, "कुमुद, सांग, पाय कुठं आहेत तुझे?"

"बोटीवर, अप्पा."

"वेडे, दोन खंडांच्या मधे!" आणि मास्तरांचे डोळे भरून आले. ताईंचेही भरले. पलीकडे दहा पावलं चालले आणि त्याच बोटीनं परतले. विमान मिळालं.

संक्रांतीला काय झालं? वाट्या पुरल्या नाहीत, उरलेल्यांना प्लास्टिकचे डबे! रुसवे झाले का? झाले की! शेजारच्या बाई अजून बोलत नाहीत. पण ताई सांगतात, "बोलतील हो. अप्पांचं पाणी पुन्हा कुठलं मिळायला!"

आता आपल्याकडे वळू. तुमच्या घरी "माझं काय, तुमचं होऊ दे" म्हणणारं कोण आहे, आठवा बरं! आठवलं? मग मागे वळून बघा, ते आत्ताही दारापाशी चपला राखत बसलंय! आरतीला त्याला पुढे आणा. अगदी पुढे! चपलांची काळजी नको – आज तिथं मी बसतो.