सोयीचं विसरणं

बोलण्याचे उपचार करतात त्या खोलीबाहेर बाकावर माझ्या शेजारी एक नवरा-बायको बसले होते. तो रंगारी. शिडीवरून पडून डोक्याला जबर मार लागला होता, आणि आता हरवलेले शब्द शोधायला ती त्याला इथं आणत होती.

"हं, हे काय आहे?"

"कंगवा."

"किल्ली आहे. फिरवा आता डोक्यावरून."

"डोक्याचं पुरेसं झालंय."

"वा! किल्ली म्हणता येत नाही, टोमणा बरोबर मारता येतो."

"तुझ्याकडून शिकलो."

"इथल्या बाईंनी रोज जुनं काहीतरी आठवायला सांगितलंय ना? मग सांगा, पडलात त्या सकाळी डबा कुणी भरून दिला?"

"कुणी नाही."

"अहो, मी दिला."

"तू भावाकडे होतीस. परत येणार नाही म्हणून... ते हे... बॅग घेऊन गेली होतीस."

"हे कधी आठवलं?"

"झाले बरेच महिने."

"महिने? आणि मी मेली रोज आपल्या सुखी संसाराच्या गोष्टी रचून सांगतेय!"

"छान सांगतेस. त्यातला नवरा मला आवडला."

"मग तोंडाला कुलूप का लावलंत?"

"बोललो असतो तर परत गेली असतीस."

आतून त्यांना हाक आली.

"उठा, माझा हात धरा. बाईंना सांगू, आठवण केव्हाच परत आलीय, अक्कल तेवढी यायची राहिलीय."

"ती आधी होती का?"

"नव्हती. पण बाईंना कशाला सांगायचं?"