कार्डातले धवले

तुम्हाला आमच्या भावोजींचं सांगते. करावे गावात आमच्या घरी कॉम्प्युटरचं काहीही असलं की नितेश भावोजींचा शब्द शेवटचा. माझ्या लग्नाला तीनच महिने झालेले, त्यामुळे मीही मान डोलवायचे. पण कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डातला हळदीचा फोल्डर उघडेना, तेव्हा ते म्हणाले, "कार्ड गेलं. फॉरमॅट मारतो."

हळदीला सासूबाईंनी स्वतः धवले गायले होते, आपली लग्नातली जुनी गाणी. ते रेकॉर्डिंग फक्त त्याच कार्डात होतं.

"थांबा भावोजी, फॉरमॅट केलं तर सगळं पुसलं जाईल."

"वहिनी, टेन्शन नका घेऊ. तसंही त्यात काय उरलं नाय."

"मग पाच मिनिटं मला द्या."

सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "माजं गानं गेलं काय गो?"

मी कार्डावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये गेले आणि एरर चेकिंग चालू केलं. चुका सापडल्या, दुरुस्त करू का, असं कॉम्प्युटरने विचारलं. मी हो म्हटलं. फोल्डर उघडला आणि सासूबाईंचा खणखणीत आवाज घरभर घुमला. पाठोपाठ त्याच व्हिडिओत भावोजी ओरडले, "आई, आवर ना आता! डीजेवाला थांबलाय!"

भावोजी चार्जर शोधायला उठले.

"खाली बस," सासूबाई म्हणाल्या. "सूनबाई, पयल्यापासून लाव."

धवले पाऊण तासाचे आहेत. भावोजींनी सगळे ऐकले.