धड्यात नसलेला वाघ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपले नवे विस्तार अधिकारी बबनराव साहेब, याच पदावरून सेवानिवृत्त होत असलेले सत्कारमूर्ती अर्जुनराव साहेब, व्यासपीठावरची मानाची मंडळी, शिक्षक बंधू-भगिनींनो आणि माझ्या सहावीच्या मुलांनो,

अर्जुनराव साहेबांबद्दल चार शब्द चांगले बोला, असं मला बजावलंय. बोलते. पोरांना इंग्रजी वाचून कळावं म्हणून साहेबांनी टॅब आणले. पुस्तकातल्या चित्रावर टॅब धरला की पडद्यावर तो प्राणी उठून उभा राहतो. ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणतात त्याला. साहेबांना हे नाव एका दमात कधी म्हणता आलं नाही, ते असो. त्यापायी आमचा वाचनाचा तास मात्र बंद झाला. प्राणी आपसूक उठत असताना वाचायचं कशाला, नाही का?

उद्घाटनाला बीडहून पाहुणे आले. उद्घाटन म्हटल्यावर पूजा आलीच. साहेबांनी टॅबला हार घातला, नारळ फोडला आणि धड्यातल्या वाघाच्या चित्रावर स्वतःच्या हातानं हळदीकुंकू वाहिलं. चांगलं चिमट्या भरभरून. मग कॅमेऱ्याला चित्र ओळखू येईना. टॅब ढिम्म. साहेब पुस्तक झटकतायत, फुंकर मारतायत, आणि पाहुणे चहाची वाट बघतायत.

शेवटी साहेबांनी पुढच्या बाकावरच्या चैतालीला उभं केलं. "सांग बाळ, धड्यातल्या गावात कोण आलं?" 'वाघ' एवढंच म्हणायचं, हे आदल्या दिवशी अख्ख्या वर्गाकडून घोकून घेतलं होतं.

चैताली म्हणाली, "सर, वाघ आलाच न्हाई. ते वासरू हाय. लोकं उगंच भेली."

धडा तोच आहे हो. अंधारात वासराला वाघ समजून घाबरलेल्या गावाचा; चित्रातला वाघ त्यांच्या मनातला. साहेबांनी तो वाचला नव्हता, टॅबात वाघ भरणाऱ्यांनीही नव्हता. वाचला होता एका पोरीनं. साहेबांनी तिला सगळ्यांदेखत पाहुण्यांची माफी मागायला लावली आणि बीडच्या वाचन स्पर्धेतून तिचं नाव काढलं. तेव्हापासून ती वर्गात तोंड उघडत नाही. निरोपाच्या दिवशी माणसाबद्दल हळहळ वाटावी म्हणतात. मला चीड येते.

बबनराव साहेब, स्पर्धा सोमवारी आहे. तिचं नाव परत घाला, आमचा तास परत द्या. टॅब राहू द्यात, आधी पोरं धडा वाचतील.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. माझं काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. चैताली मागच्या रांगेत बसलीय, अर्जुनराव साहेब. तिच्याकडून घेतलेली माफी तेवढी जाताना तिला परत करून जा.